गहू पन्नास किलो आणि चपातीला पीठ नाही

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं घर उंचावर आहे, गल्लीत पाण्याचा थेंब आला नाही. पण नदीवरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि नळ कोरडे पडले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, म्हणून दूध येईना, पेट्रोल येईना, भाजी येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नणंद, तिचे मिस्टर, दोन मुलं आणि तिच्या सासूबाई ओल्या कपड्यांनी आमच्या दारात उभ्या राहिल्या. चौघांचं घर नऊ जणांचं झालं.

मला काळजी वाटली नाही. एप्रिलमध्ये भरलेल्या वर्षाच्या गव्हापैकी पन्नास किलो पत्र्याच्या पिंपात शिल्लक होता. माझ्या सासूबाईंनी पिठाचा डबा उघडला, आत हात घालून अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे जेमतेम अडीच किलो असेल. नऊ माणसांना दोन वेळा पुरतंय होय?" वीज नाही, त्यामुळे दोन गल्ल्या पलीकडची गिरण बंद. जातं आमच्या घरातून कधीच गेलेलं. पन्नास किलो गहू समोर होता आणि तिसऱ्या दिवसापासून चपातीला पीठ नव्हतं.

तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतला आहे. जे कळलं ते सोपं आहे. धान्य साठवणं वेगळं आणि जेवण साठवणं वेगळं. धान्यापासून ताटापर्यंत गिरण, पाणी, इंधन, मीठ, तेल अशा कड्या असतात. त्यातली एक तुटली की बाकीच्या निकामी होतात. म्हणून साठ्याचा हिशोब पोत्यांत न करता जेवणांत करायचा. आज वीज, नळ आणि दुकान तिन्ही बंद झालं तर माझ्या घरात किती वेळची जेवणं आहेत? हा एक प्रश्न रात्री स्वयंपाकघरात उभं राहून विचारून बघा. आमच्याकडे उत्तर आलं होतं, दोन दिवसांची.

आपल्याकडच्या जुन्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. कोकणात पावसाआधी 'आगोट' भरतात, गोव्यात त्यालाच 'पुरुमेंत' म्हणतात, देशावर आपण 'बेगमी' म्हणतो. आगोटीच्या सामानाकडे नीट बघितलं की त्यामागचा विचार दिसतो. तांदळाबरोबर खडं मीठ, आमसुलं, चिंच, सुकी मिरची, सोडे, सुके बांगडे, कांद्याच्या माळा, आणि पडवीत रचलेली सुकी लाकडं. म्हणजे पूर्ण ताट आणि ते शिजवायचा जाळसुद्धा. भात सडायला उखळ आणि दळायला जातं घरातच. चार महिने रस्ता बंद राहणार हे गृहीत धरून केलेली ती तयारी होती. आपण त्यातली वर्षाचा गहू भरायची सवय तेवढी ठेवली आणि बाकीच्या कड्या बाहेरच्यांवर सोपवल्या. त्यात चूक काही नाही, बायकांचे हात जात्यापासून सुटले हे चांगलंच झालं. पण मग त्या बाहेरच्या कड्या आठ-पंधरा दिवस तुटल्या तर काय, याची सोय आपणच लावायला हवी.

आणि त्या तुटतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगड भागातल्या कितीतरी गावांत काही आठवडे वीज नव्हती. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर पाऊस, वादळ काहीच नव्हतं, तरी पहिल्या आठवड्यात दुकानांपुढे रांगा लागल्या. कारण वेगळं असलं तरी घरात अडचण तीच येते.

किती साठवायचं

पंधरा दिवसांचं धरावं, आणि त्याचे दोन भाग करावेत. पहिले तीन दिवस सगळंच बंद आहे असं समजायचं: वीज नाही, नळाला पाणी नाही, गॅस पेटवता येईल याची खात्री नाही. पुढचे बारा दिवस चूल पेटते पण दुकानात माल नाही, असं धरायचं.

चौघांच्या घराला, म्हणजे दोन मोठी माणसं, एक वयस्कर, एक शाळकरी मूल, दिवसाला साधारण सव्वा किलो धान्य लागतं. पंधरा दिवसांचं १९ किलो. डाळी-कडधान्य दिवसाला पाव किलो, म्हणजे ४ किलोच्या आत. तेल दिवसाला १०० मिलिलिटर, म्हणजे दीड लिटर. शेंगदाणे दोन किलो, गूळ किंवा साखर दोन किलो, मीठ एक किलो. यावर माणशी सरासरी १८०० कॅलरीच्या आसपास मिळतात. अंगमेहनत करणाऱ्याला ते कमी पडेल, पण घरात थांबलेल्या कुटुंबाचं भागतं. डाळ काटकसरीत कमी करू नका. तांदूळ-गव्हातल्या प्रथिनांमध्ये जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते तांदूळ-गव्हात. वरणभात आणि खिचडी ही गरिबाची पोटभर जेवणं झाली त्याला हे कारण आहे. शेंगदाणे मात्र मी मुद्दाम जास्त ठेवते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, ते शिजवावे लागत नाहीत आणि लहान मूल रडायला लागलं की मुठीत देता येतात.

आता त्या १९ किलोंत गहू किती? माझं उत्तर आहे: मोजायचाच नाही. गहू वर्षाचा आहे तो असू द्या, पण आणीबाणीच्या साठ्यात फक्त बिनगिरणीचं धान्य धरा. तांदूळ १० ते ११ किलो, पोहे दोन किलो, रवा किंवा दलिया दोन किलो, उरलेलं दळून आणलेलं पीठ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे पिठाचा डबा अर्ध्यावर आला की दळण जातं. पूर्वी तळ दिसल्यावर जायचं. या बदलाला एक पैसा लागला नाही.

पिठाबाबत एक सांभाळायचं. धान्य अख्खं असतं तोवर त्याच्या कोंबातलं तेल आतच बंद असतं. दळलं की ते हवेला लागतं आणि खवट व्हायला सुरुवात होते. बाजरीचं पीठ म्हणूनच आठवडाभरात कडू लागतं. बाजरी अख्खीच ठेवा, पीठ गव्हाचं किंवा ज्वारीचं ठेवा, तेही महिन्याच्या आत संपेल एवढंच.

पैसे कुठून आणायचे

एका दिवसात पंधरा दिवसांचं सामान आणायचं म्हटलं तर महिन्याचं गणित कोलमडतं. ज्यांचा महिनाच उधारीवर चालतो त्यांना असा सल्ला देणं बरोबरही नाही. मी जे केलं ते हे: दर आठवड्याच्या बाजारात एकच जिन्नस एका मापाने जास्त. या आठवड्यात तूरडाळ अर्धा किलो जास्त, पुढच्या आठवड्यात पोहे, मग मीठ-काडेपेटी-मेणबत्ती, मग अर्धा लिटर तेल. शंभर-सव्वाशे रुपयांच्या वर कधी गेले नाही. फेब्रुवारीत सुरुवात केली तर पाऊस लागायच्या आधी साठा तयार होतो, आणि नवीन तूर, ज्वारी, गहू बाजारात येतात तेही याच महिन्यांत.

रेशन कार्ड असेल तर हे आणखी सोपं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं, सध्या ते मोफत आहे. चौघांच्या २० किलोंतला तांदूळ दर महिन्याला दोन किलो बाजूला काढला तर पाच महिन्यांत तांदळाचा साठा फुकटात उभा राहतो. २०२५ मध्ये जून, जुलै, ऑगस्ट अशा तीन महिन्यांचं धान्य पावसाआधी एकदम द्यायचं ठरलं होतं. असं एकरकमी धान्य मिळेल तेव्हा ते विकून टाकायचा मोह होतो, घरात पैशाची नड असते, हे मला माहीत आहे. तरी त्यातलं एक महिन्याचं धरून ठेवा. कार्डाची ई-केवायसी पावसाआधी करून घ्या, पुरात ते काम होत नाही.

हा साठा वेगळ्या कपाटात बंद करून ठेवायचा नसतो. तसं केलं की तो विसरला जातो, आणि दोन वर्षांनी उघडला की जाळी लागलेला रवा आणि खवट शेंगदाणे हाती येतात. रोजच्याच डब्यातून खायचं, नवीन आणलेलं मागे ठेवायचं, जुनं पुढे ओढायचं. डब्याच्या झाकणावर खडूने महिना लिहायचा. घर रोजचंच खातं, फक्त पंधरा दिवस पुढे असतं. बाजारात 'आपत्ती किट' म्हणून महागडी पाकिटं मिळतात, त्यांची आपल्याला काही गरज नाही. जे पोरांनी कधी खाल्लं नाही ते संकटात ती खातील या भरवशावर राहू नये.

धान्याला कीड लागते कशी

पैसे घालून घेतलेलं धान्य किडलं तर जीव हळहळतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

बऱ्याच जणींना वाटतं की टोके बाहेरून डब्यात शिरतात. बहुतेक वेळा ते धान्याबरोबरच आलेले असतात. टोक्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. वरून दाणा निरोगी दिसतो. आत अळी दाणा खात वाढते आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात टोका बाहेर पडतो. म्हणून एप्रिलमध्ये स्वच्छ दिसलेला गहू जूनमध्ये चालायला लागतो. कडधान्याच्या भुंगेऱ्याची रीत थोडी वेगळी. तो अख्ख्या मूग-चवळीच्या सालीवर अंडी चिकटवतो, नीट बघितलं तर पांढरे ठिपके दिसतात. फोडलेल्या डाळीत त्याला तेवढं फावत नाही, म्हणून साठवायला डाळ जास्त सोयीची.

किडीला जगायला ओल, ऊब आणि हवा लागते. या तिघांपैकी एक तरी तोडायचं.

ओल तोडण्यासाठी ऊन. मे महिन्याच्या उन्हात काळ्या कागदावर किंवा पत्र्यावर पातळ पसरलेला गहू इतका तापतो की अंडी-अळ्याही मरतात. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, तो तडकतो आणि कणी होते. पुरेसं वाळलं का हे बघायला दाणा दाताखाली धरायचा, 'कट्' असा आवाज आला पाहिजे. आणखी एक पारख आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन-तीन चमचे कोरडं बारीक मीठ घालून मिनिटभर हलवा आणि पाव तास तशीच ठेवा. मीठ काचेला आतून चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांच्या वर ओल आहे, अजून वाळवायला हवं. आणि जी चूक मी स्वतः केली ती टाळा. दुपारी चार वाजता गरम गहू थेट पिंपात भरला आणि झाकण घट्ट लावलं. रात्री झाकणाच्या आतल्या बाजूला दव जमलं, ते वरच्या थरावर ठिबकलं, आणि आठ दिवसांत वरचा वीतभर गहू बुरसटला. वाळवलेलं धान्य सावलीत पूर्ण थंड झाल्याशिवाय भरायचं नाही.

हवा तोडायची युक्ती आपल्या पेवांमध्ये होती. सोलापूर-मराठवाड्याकडे जमिनीत खोल खड्डा करून, कडबा लावून ज्वारी भरत आणि तोंड मातीने लिंपून बंद करत. आत धान्य आणि किडे दोघेही श्वास घेतात, आतला प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. अशी ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याचं म्हातारी माणसं सांगतात, त्याचं कारणही हेच. घरातला डबा म्हणजे छोटं पेव. तो घट्ट झाकणाचा हवा आणि काठोकाठ भरलेला हवा. अर्धा रिकामा डबा कितीही घट्ट असला तरी आत किड्यांना पुरेल एवढी हवा उरते. म्हणून पन्नास किलोचं एक पिंप रोज उघडण्यापेक्षा दहा-दहा किलोचे पाच डबे भरा आणि एकावेळी एकच फोडा.

तांदूळ-डाळींना किलोमागे लहान चमचाभर एरंडेल चोळलं की दाण्यावर पातळ थर बसतो आणि भुंगेऱ्याची अंडी त्यावर नीट जगत नाहीत. शिजवताना धुतलं की तेल जातं. रवा कोरडा भाजून ठेवावा, किंवा फ्रिज असेल तर आणल्या आणल्या तीन-चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. कडुनिंबाचा सुकलेला पाला घालायला हरकत नाही, पण धान्य ओलं असेल तर पाला काही करू शकत नाही.

गोदामात वापरतात त्या विषारी धुरीच्या गोळ्या घरात कधीही आणू नका, कोणी दोन गोळ्या पुडीत बांधून दिल्या तरी. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेलं अख्खं घर त्याने गेल्याच्या घटना आपल्याच देशात घडल्या आहेत. किडका गहू निवडून, चाळून खाता येतो. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र फेकाच. त्यातलं विष धुऊन किंवा भाजून जात नाही.

पाणी, ज्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो

२०१९ मध्ये आम्हाला धान्याने कमी आणि पाण्याने जास्त छळलं. टँकर आला की गल्लीच्या तोंडाशी घागरी-कळश्यांची रांग, आणि आभाळातून धो धो पाऊस. पागोळ्यांखाली बादल्या लावून आम्ही भांडी आणि संडासाचं पाणी भागवलं. पिण्याचं पाणी तसं मिळत नाही.

पिणं आणि स्वयंपाक एवढ्यालाच माणशी दिवसाला चार-पाच लिटर लागतं. चौघांना तीन दिवसांचं साठ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. अंघोळ-धुण्यासकट माणशी १५ लिटर हे मदतकार्यात जगभर कमीत कमी मानलं जातं. कालचं पाणी शिळं म्हणून रोज ओतून द्यायची आपली सवय आहे. स्वच्छ घासलेल्या, झाकण लावलेल्या भांड्यातलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. त्यात हात, पेला, झुरळ गेलं तर होतं. म्हणून लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी वापरा. उघडं पिंप ठेवाल तर मात्र आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतील. झाकण नसेल तर जुन्या धोतराचं फडकं दोरीने तोंडाला बांधा.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. इथे फार जणांची गफलत होते. तुरटीनंतर गाळून खळखळून उकळायचं, उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट. जाळ वाचवायचा असेल तर क्लोरिनच्या गोळ्या किंवा थेंब वापरा, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका. इमारतीच्या टाकीला ब्लीचिंग पावडर टाकायची तर दिसायला स्वच्छ असलेल्या हजार लिटरला अडीच ग्रॅम आणि तासभर थांबणं, हे प्रमाण. पावडर ताजी हवी. फोडून महिनोन् महिने ठेवलेल्या पिशवीतला क्लोरिन उडून गेलेला असतो.

कोणाला जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. घोट घोट देत राहायचं. मूल निपचित पडलं, लघवी बंद झाली, तर १०८ ला फोन. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, तो भिंतीवर लिहून ठेवा, मोबाईल बंद पडला की आतले नंबर उपयोगाचे नाहीत.

जाळ

ज्यांच्याकडे दोन सिलिंडर आहेत त्यांनी पावसाळ्यात पहिला संपला त्याच दिवशी नोंदणी करावी. एकच असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर परवडतो का बघा, नाहीतर वातींचा स्टोव्ह दुरुस्त करून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, तिचा वायू वासाविना माणूस मारतो.

गॅस वाचवायची सगळ्यात चांगली रीत आमच्या आजीची होती. डाळ-तांदूळ तासभर भिजवून, उकळी आली की दहा मिनिटं शिजू द्यायचं, मग पातेलं घट्ट झाकून जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवायचं. तासाभरात खिचडी आपोआप शिजते. जाळ निम्म्याने वाचतो.

पहिल्या तीन दिवसांसाठी मात्र न शिजवता खाण्याचं हवं, आणि याबाबत आपल्यासारखा श्रीमंत स्वयंपाक दुसरा नसेल. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवायचं. मेतकूट. भिजवलेले पोहे. लाह्या. दाण्याचं कूट आणि गूळ. आणि सोलापूरची कडक भाकरी! ज्वारीची पातळ भाकरी पूर्ण ओल जाईपर्यंत वाळवलेली, पापडासारखी मोडते आणि महिनाभर सहज टिकते. सोबत शेंगाचटणी, तिच्यातही पाण्याचा अंश नसतो. कुरडईपासून सांडग्यांपर्यंतचं आपलं सगळं वाळवण त्याच नियमावर उभं आहे, की ओल नाही तर बुरशी नाही. वीज गेली की फ्रिज सारखा उघडू नका. बंद राहिला तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. दूध आधी तापवून संपवा.

पाणी घरात शिरणार असेल तर

खाली राहणाऱ्यांनी साठा जमिनीवर ठेवूच नये. माळा, कपाटाचा वरचा खण, दहा किलोचे डबे इथेही कामाला येतात, कारण पन्नास किलोचं पिंप ऐनवेळी कोणाला उचलत नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपी लावून त्याला खिडकीच्या गजाला बांधा. भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. त्याचं वजन तीस किलोच्या आसपास असतं आणि त्याने सारलेलं पाणी त्याहून जास्त भरतं. आदळत फिरला तर धोका मोठा.

पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवून खाऊ नका. त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं असतं. ते फेकताना रडू येतं, मी नणंदेच्या घरी ते बघितलं आहे. तिने तिच्या कणगीतली ज्वारी पाटीने उपसून अंगणात टाकली तेव्हा तिला मोड आलेले होते. फेकण्याआधी फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत शेजाऱ्यांना साक्षीला ठेवा. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, सातबारा एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून तांदळाच्या डब्याशेजारीच ठेवा. घर सोडताना दोन्ही एकदम हाताला येतात. त्याच पिशवीत रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांचा पंधरा दिवसांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. इन्शुलिन घेणारं कोणी असेल तर वीज नसताना ते कसं ठेवायचं हे डॉक्टरांना आत्ताच विचारा.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली आणि नळ पुन्हा बंद झाले. नणंदेचा फोन आला, "वहिनी, निघालोय आम्ही." मी म्हटलं, "या वन्सं, मोकळ्या हातानं या." या वेळी नऊ माणसांना दहा दिवस पुरेल एवढं घरात होतं. पीठ सात किलो होतं, जार भरलेले होते, गोधडी टोपलीत तयार होती. चौथ्या दिवशी तिची मोठी मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच काहीतरी म्हणाली, तेव्हा कळलं की सॅनिटरी पॅड आम्ही कोणीच धरले नव्हते. दुकानं बंद. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या केल्या, त्या धुवायला पाणी काटकसरीने वापरत होतो त्यातूनच काढलं.

यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. त्यात ती ओळ आता पाण्याच्या लगेच खाली आहे, आणि माणसं मोजताना आम्ही चार लिहीत नाही, नऊ लिहितो.